‘सगळं होऊन गेलंय, मी नवीन काय आणू?’

पीएच.डी.ची नोंदणी झालेले पण सिनॉप्सिसवर (संशोधनाच्या आराखड्यावर) अडलेले विद्यार्थी माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या तोंडी हेच वाक्य असतं. असं म्हणणारा विद्यार्थी कामचुकार नसतो. उलट त्यानं बरंच वाचलेलं असतं आणि त्या वाचनानंच तो घाबरलेला असतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीचा अनुभव इथे सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तालुक्याच्या गावी ती तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) झालेली, कोर्सवर्क झालेलं, घरी लहान मूल. विषय मनापासून निवडलेला: कापूस वेचणाऱ्या बाया. तिची आई आयुष्यभर वेचणीला गेली. सुरुवातीला तिनं शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, ‘कापूस वेचणाऱ्या महिला मजुरांच्या समस्या’ असं अख्खं वाक्य टाकलं. काहीच निघालं नाही. कुणी कामच केलेलं नाही, म्हणजे गॅप (संशोधनातली उणीव) मिळाला, अशा आनंदात ती गाईडकडे गेली. त्यांनी इंग्रजी शब्द देऊन पुन्हा शोधायला लावलं, तेव्हा पानंच्या पानं उघडली. पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतात कापूस वेचणाऱ्या बायकांवर कीटकनाशकांचा काय परिणाम होतो, याचेही अभ्यास त्यात होते. “मॅडम, तिकडंही होऊन गेलं हे. मंग मी काहून करू?” एवढं बोलून ती गप्प झाली. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज तिनं लिहूनच आणला होता.

अर्ज द्यायचा की नाही हा निर्णय तिचाच होता आणि तसं मी तिला सांगितलं. पण आधी ती वाचते कशी, हे विचारलं. मूल झोपल्यावर रात्री, शब्दकोश शेजारी घेऊन, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. एक इंग्रजी लेख संपायला दोन-तीन रात्री जायच्या आणि तोवर डाउनलोडच्या फोल्डरमध्ये आणखी दहा येऊन पडलेले असायचे. असं वाचल्यावर कुणाचाही धीर सुटेल. इंग्रजी कच्चं आहे म्हणून आपण संशोधनाला लायक नाही, हे तिनं मनात पक्कं करून टाकलं होतं. खेड्यातून आलेल्या हुशार मुलामुलींना हे ओझं वाहताना मी नेहमी पाहते आणि दर वेळी मला त्याचं वाईट वाटतं. लेख कादंबरीसारखा वाचायचा नसतो. आधी सारांश, मग अभ्यासाची पद्धत, मग शेवटी लेखकानं सांगितलेल्या मर्यादा. एवढ्यावर तो लेख आपल्या कामाचा आहे का ते कळतं. पूर्ण वाचायचे लेख त्यातून मोजकेच उरतात.

काहीच निघालं नाही तेव्हाचा तिचा आनंद आणि शेकड्यानं निघालं तेव्हाची तिची निराशा, दोन्हींचं मूळ एकच होतं. ती शीर्षकं मोजत होती. संशोधनातली उणीव शीर्षकांत दिसत नाही. कुणाला विचारलं, काय मोजलं आणि कोण सुटून गेलं, यात ती दिसते.

तिला मी गडचिरोलीचं उदाहरण दिलं. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. स्त्रीरोगांवर तोवर काय कमी लिहिलं गेलं होतं? पण त्यातली बरीचशी माहिती दवाखान्यात पोचलेल्या बायकांची होती. दवाखान्याची पायरीच न चढलेल्या खेड्यातल्या बाईचं काय, हे मोजायला त्या दोन गावांत गेल्या. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला आणि त्याआधी तपासणी व उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. विषय जुनाच होता. त्यात गावातली बाई तेवढी नव्हती.

मग आम्ही कामाला लागलो. हजेरीच्या जुन्या रजिस्टरची कोरी पानं आडवी धरून तिनं रकाने आखले: कुणावर अभ्यास, कुठे, कोणत्या महिन्यात, काय मोजलं, कसं मोजलं. एका लेखाला एक ओळ. लेखातली वाक्यं उतरवायची नाहीत, रकान्यापुरतंच लिहायचं.

पहिल्याच पानावर एक गोष्ट उघडी पडली. तिचे जवळजवळ सगळे लेख कीटकनाशकांचे होते. २०१७ साली यवतमाळात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली, तेव्हापासून आपल्याकडे शेतमजुरांचं आरोग्य म्हटलं की फवारणीच आठवते. शोधतानाही तिनं तोच शब्द धरला होता. पण हाच विषय वेगवेगळ्या विद्याशाखांत वेगवेगळ्या नावांनी ठेवलेला असतो. गृहविज्ञानवाले त्याला ‘ड्रजरी’ म्हणतात. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी महिलांच्या कष्टांवर या नावाखाली काम झालेलं आहे. कृषी अभियांत्रिकीत तो ‘अर्गोनॉमिक्स’मध्ये (काम आणि शरीर यांच्या मेळाच्या अभ्यासात) सापडतो, वैद्यकात ‘ऑक्युपेशनल हेल्थ’मध्ये आणि अर्थशास्त्रात मजुरी व श्रमबाजाराच्या लेखांत. समाजशास्त्राचा विद्यार्थी या बाकीच्या दारांवर सहसा जात नाही. शोधगंगेवर आणखी एक अडचण असते. मराठी प्रबंधाचं शीर्षक कधी देवनागरीत, कधी इंग्रजी लिपीत, कधी इंग्रजी भाषांतरात नोंदवलेलं असतं. तिन्ही तऱ्हांनी शोधल्याशिवाय ‘यावर काम नाही’ असं म्हणू नये. आणि कोणत्या तारखेला, कुठे, कोणते शब्द टाकून शोधलं, हे वहीत लिहून ठेवावं. विषय मंजूर करणाऱ्या समितीनं विचारलं तर तीच नोंद दाखवता येते.

नवे लेख आले, ओळी वाढल्या आणि ती पुन्हा खचली. “मंग शीर्षकाला ‘विशेष संदर्भ यवतमाळ जिल्हा’ असं लावून देऊ का?” तिनं विचारलं. ही पळवाट मला अजिबात मान्य नाही, आणि ती फार बोकाळली आहे. दुसरीकडे झालेला अभ्यास आपल्या जिल्ह्यात पुन्हा करायचा असेल, तर इथे उत्तर वेगळं का येईल याचं कारण देता आलं पाहिजे. कारण असेल तर जिल्हा बदलणं रास्त आहे. नसेल तर तो फक्त पत्ता बदलणं झालं.

म्हणून मी विचारलं, “हा तक्ता आईला वाचून दाखवलास, तर यात काय राहून गेलं असं ती म्हणेल?”

ती क्षणभरही थांबली नाही. “आई म्हणन, किलोनं होतं का रोजानं, हे कुठी लिहिलं?”

कापूस वेचणीची मजुरी आपल्याकडे बहुधा किलोवर मिळते. पहिल्या वेच्याला, म्हणजे वेचणीच्या पहिल्या फेरीला, झाड पांढरं असतं, ओटी लवकर भरते. शेवटच्या वेच्याला बोंडं विरळ, तेवढाच किलो भरायला दुप्पट वाकावं लागतं. किलो बुडेल म्हणून बाई पाणी प्यायलाही धुऱ्यावर जात नाही. हे तिला लहानपणापासून माहीत होतं, फक्त संशोधनात हे चालतं असं तिला वाटत नव्हतं. तिनं ‘मजुरी कशी’ असा रकाना वाढवला आणि सगळे लेख पुन्हा चाळले. हृदयाचे ठोके आणि पाठीचं दुखणं मोजणाऱ्यांनी मजुरी कशी दिली जाते हे बहुतेक ठिकाणी लिहिलंच नव्हतं. मजुरीवर लिहिणाऱ्यांच्या लेखांत दुखण्याचा उल्लेख नव्हता. तो रकाना जवळजवळ कोराच राहिला.

कोरा रकाना दिसला की लगेच सिनॉप्सिस लिहायला बसण्याचा मोह होतो. तिथेच थांबायला हवं. त्याच मुद्द्यावर नव्यानं शोध घ्यायचा. गूगल स्कॉलरवर महत्त्वाच्या लेखाखाली ‘सायटेड बाय’ असतं, त्यावर जाऊन तो लेख पुढे कुणी वापरला ते पाहायचं. जुन्या प्रबंधातल्या ‘पुढील संशोधनासाठी सूचना’ थेट उचलणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं, कारण ती सूचना दहा वर्षांपूर्वीची असेल तर एव्हाना कुणीतरी ते काम केलेलंही असू शकतं. पूर्ण लेखाला पैसे मागत असतील तर लेखकाला ईमेल करून प्रत मागावी. त्यात संकोच कसला?

या शोधात तिला कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांवरचा २०१७ चा अभ्यास मिळाला. केलेल्या कामाच्या मापानं मजुरी घेणाऱ्यांमध्ये कामाच्या पाळीच्या शेवटी मूत्रपिंडावर ताण आढळण्याचा धोका जास्त दिसला होता. आधीची ती असती तर ‘हेही झालंय’ म्हणून तिनं वही मिटली असती. या वेळी ती मला फोनवर म्हणाली, “मॅडम, आता आधार भेटला.” मजुरीची पद्धत शरीरावर उतरते, असं मानायला तिला भक्कम कारण मिळालं होतं. कोरडवाहू कापसाच्या शेतात, वेच्यागणिक, बायकांच्या बाबतीत ते कसं घडतं, हे तिच्या तक्त्यातल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं.

समितीसमोर ‘यात नवीन काय?’ हा प्रश्न आलाच. तिनं तो कोरा रकाना दाखवला आणि किलोनं व रोजानं जाणाऱ्या बायकांची विश्रांती, पाणी आणि दुखणी ताडून पाहणार असल्याचं सांगितलं. समितीनं विषय मान्य केला. गावं कमी करा आणि दोन्ही पद्धती चालतात अशीच गावं घ्या, अशी दुरुस्ती सुचवली. सध्या ती त्या गावांची यादी करते आहे. कुठल्या गावात रोजानं वेचणी होते, हे तिला तिची आईच सांगते.