गे कथा-कादंबऱ्यांचा परिचय लिहिताना

मलपृष्ठावरचा मजकूर ८० ते १२० शब्दांत बसवा. पहिल्या दोन वाक्यांत माणूस, गाव आणि अडचण आली पाहिजे. ‘धाडसी विषय’, ‘वेगळी वाट’ असलं काही लिहू नका. त्यातून कथेबद्दल काहीच कळत नाही. नायक गे आहे हेही लपवू नका. ‘दोन जिवलग मित्रांची गोष्ट’ म्हणून पुस्तक विकलं, तर मैत्रीकथा शोधणारा वाचक चिडतो आणि ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही.

कथेचा काळ मात्र नक्की सांगा. २ जुलै २००९ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७मधून वगळलं, ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ला पुन्हा मोकळीक दिली. त्यामुळे २०११मधला नायक आणि २०१४मधला नायक एकाच गोष्टीला सारखे घाबरणार नाहीत. परिचयात नुसतं साल टाकलं तरी अर्धं काम होतं.

ॲमेझॉनच्या किंडलवर स्वतः ई-पुस्तक प्रकाशित करत असाल तर वर्णनाला ४,००० अक्षरांची मर्यादा आहे आणि शोधशब्दांचे सात रकाने मिळतात. ‘गे’, ‘समलिंगी’, ‘समलैंगिक’ हे तिन्ही शब्द वापरा, कारण लोक तिन्ही शोधतात. टोपणनाव चालतं, पण खात्यावर आणि बँकेत खरंच नाव लागतं. घरच्यांपासून लपवायचं असेल तर सामायिक बँक खातं देऊ नका!

कथासंग्रहात प्रत्येक कथेचा सारांश नको. दोन कथा पुरेत. शेवट फोडू नका.