विकलं गेलं नाही तेही लिही

प्रिय पोरी,

काल फोनवर म्हणालीस, मावशी साड्यांचा माल चांगलाय, बायका बघतात नि निघून जातात. मी विचारलं जाताना काय म्हणाल्या, तर तू गप्प. तिथेच गोम आहे बघ.

हिशोबाची वही तू ठेवतेस, ती ठेवच, पण तिच्यात विकलं गेलेलंच येतं. न विकलेल्यासाठी दुसरी वही घे, साधी शंभर पानी चालेल, नि रोज रात्री जेवणं आटपली की दहा मिनिटं बस. कोण आलं, काय बघितलं, काय म्हणालं, त्यांच्याच शब्दांत. "महाग वाटली" असं मनाने लिहू नको, बाई "यांना विचारून सांगते" म्हणाल्या असतील तर तेच लिही, कारण अशा बाईला दोन दिवसांनी फोन करायचा असतो, महाग म्हणणारीला दुसरी साडी दाखवायची असते.

मी इथे इंदूरला घरून माहेश्वरी साड्या विकायला लागले तेव्हा पहिलं वर्ष अंदाजानेच काढलं. मग लिहायला लागले, नि दोन-अडीच महिन्यांनी एका रविवारी सगळं सलग वाचलं तर दिसलं की भाव मी साडी उलगडायच्या आतच सांगून टाकतेय! मग बाई इथल्या कापडबाजाराच्या, एमटी क्लॉथ मार्केटच्या भावाशी ताडून बघणारच ना. तेव्हापासून आधी काठ उलटा करून दाखवते, बुगडी काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, ताणा म्हणजे उभे धागे रेशमी नि बाणा म्हणजे आडवे सुती म्हणून अंगावर हलकी बसते, हे साडी हातात देऊन सांगितलं की भाव शेवटी विचारतात नि तेवढा टोचत नाही.

तारखा जरूर घाल. लग्नाच्या साड्यांची विचारणा माझ्याकडे तुळशीच्या लग्नाआधीच सुरू होते हे मला वहीनेच दाखवलं, म्हणून ऑर्डर आता नवरात्रातच देते, हातमागाचं काम आहे, ऐनवेळी महेश्वरला फोन करून साडी मिळत नाही गं. उधारी दिलीस तर कधी देते म्हणाली तेही लिही. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक निघते, त्या दिवशी राजवाड्याकडे खरेदीला कोण येतंय, तेव्हा निवांत मागची पानं वाच.

आणि परवाच्या त्या हिरवी साडी दोनदा उघडून बघणाऱ्या बाई, त्यांना उद्या फोन कर, काय म्हणतात ते शब्दन् शब्द लिही नि रविवारी वही घेऊन ये.

तुझी मावशी