ठणका थांबला, म्हणजे दाढ बरी झाली का?

प्रश्न : जून महिन्यात खालच्या दाढेला असा ठणका लागला की दोन रात्री झोप नव्हती. डॉक्टरांनी रूट कॅनाल (नस काढून दाढ आतून साफ करणे) सांगितले. पण आठवडाभरात दुखणे आपोआप थांबले. आता गणपती झाल्यावर पाहू, असे ठरवले आहे. चालेल का? (एक वाचक, परळ)

उत्तर : अशा दाढेचा ठणका उपचारांवाचून थांबला, तर ती बहुधा चांगली बातमी नसते. दाताच्या बाहेरच्या एनॅमलला संवेदना नसते. त्याखालच्या डेंटिनपर्यंत कीड पोचली की थंड पाण्याने किंवा गोडाने कळ येते, आणि घोट गिळताच ती ओसरत असेल तर साध्या फिलिंगने दाताच्या आतली नस वाचू शकते. याउलट गरम चहाने ठणका वाढणे, तो बराच वेळ रेंगाळणे, आडवे झाल्यावर अधिक जाणवणे, ही लक्षणे दिसू लागली की नस सहसा वाचत नाही. तुमच्या जागवलेल्या रात्री मला याच दुसऱ्या प्रकारातल्या वाटतात. नसेला सूज आली तरी दाताच्या कठीण भिंतींमुळे तिला फुगायला जागा नसते. त्यामुळे रक्तपुरवठा दबतो, नस मरते आणि मेलेली नस दुखत नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तेथे महिनोन्‌महिने, काहीही न जाणवता, हाड झिजत राहते. कधी हिरडीवर छोटी पुळी येऊन तिच्यातून पू झिरपतो. दाब साठत नसल्याने तीही दुखत नाही, आणि ‘येते नि जाते’ म्हणून रुग्ण तिच्याकडे दुर्लक्ष करतात.

दरम्यान दाढेची भिंत पोखरली जात असते. कीड हिरडीच्या आत खोल गेली किंवा दाढ मुळापर्यंत उभी चिरली, तर कॅप बसवायला आधारच उरत नाही, आणि आज वाचू शकणारी दाढ काढावी लागते. मग शेजारची दाढ रिकाम्या जागेत कलू लागते, समोरची वरची दाढ हळूहळू खाली उतरते, आणि कृत्रिम दाताचा खर्च टाळलेल्या रूट कॅनालहून बहुधा जास्तच होतो. विसर्जनाच्या दिवशी, निम्मे रस्ते बंद असताना, गाल सुजवून आलेले रुग्ण मी पाहिले आहेत; तेव्हा निदान या आठवड्यात एक्स-रे काढून घ्या आणि थांबता येईल का, हे तो पाहून डॉक्टरांना ठरवू द्या. अडचण खर्चाची असेल, तर मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय येथे हे उपचार खासगी दवाखान्यापेक्षा बरेच कमी पैशांत होतात. रांग असते आणि फेऱ्या अधिक पडतात, हे खरे.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या असून त्यांना मधुमेह आहे. किडक्या दाढेमुळे गाल सुजला, तेव्हा घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या आणि सूज उतरली. आता दाढ काढायला त्या तयार नाहीत. (एक वाचक, घाटकोपर)

उत्तर : गोळीतले औषध रक्तातून पोचते, आणि मेलेल्या नसेच्या पोकळीत रक्तच जात नाही. त्यामुळे आजूबाजूची सूज उतरली तरी जंतूंचे मूळ ठाणे जागच्या जागी राहते आणि काही आठवड्यांनी तीच सूज पुन्हा येते. दाढ आतून साफ करणे किंवा ती काढणे, याला पर्याय नाही. त्यातून मधुमेहात जंतुसंसर्गाने साखर वाढते आणि वाढलेल्या साखरेने संसर्ग बळावतो. ‘मधुमेह आहे म्हणून दाढ काढत नाही’ हा समज मला रोज ऐकू येतो आणि तो नेमका उलटा आहे. सकाळी नेहमीची औषधे आणि नाश्ता घेऊन, साखरेचा ताजा अहवाल बरोबर ठेवून त्यांना न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मात्र जबड्याखाली दोन्ही बाजूंनी लाकडासारखी टणक सूज आली, जीभ वर उचलली गेली, लाळही गिळता येईना, तोंड उघडेना किंवा श्वास लागू लागला, तर दाताच्या दवाखान्याची वेळ ठरवत बसू नका. खालच्या दाढांचा संसर्ग घशाभोवती पसरून श्वासनलिका दाबू शकतो. लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ मध्ये वर्णन केलेला हा विकार आजही प्राण घेऊ शकतो. अशा वेळी थेट शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे, मग रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलाची दुधाची दाढ किडली आहे. आजी म्हणतात, ती पडणारच, कशाला खर्च करता? (एक वाचक, गोरेगाव)

उत्तर : पुढचे दात लवकर पडतात, दाढा नाही. त्या साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात, म्हणजे मुलाला अजून तीन ते पाच वर्षे त्यांनीच चावायचे आहे. शिवाय त्यांच्या मुळांखाली कायमचे दात तयार होत असतात. वर पू साचत राहिला तर त्यांच्या कवचावर डाग किंवा खड्डे राहू शकतात.

प्रश्न : तुटलेल्या दाढेची कड जिभेला घासते आणि तेथे महिनाभर जखम आहे. दुखत नाही. मी बारा वर्षे मशेरी लावते. (एक वाचक, भांडुप)

उत्तर : कृपया याच आठवड्यात दाखवा. कड घासून गुळगुळीत करणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि जखम केवळ घासण्यामुळे असेल तर त्यानंतर दोन आठवड्यांत ती भरायला हवी. ती भरली नाही, कडा टणक लागल्या किंवा मानेत गाठ जाणवली, तर मलम लावत न बसता बायॉप्सी (जखमेचा छोटा तुकडा काढून तपासणे) करून घ्या. मशेरी तंबाखूचीच असते, त्यामुळे जखम दुखत नाही या गोष्टीवर विसंबून राहू नका. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला पुष्कळदा दुखत नाही. तपासणीला जाताना मशेरी किती वर्षे आणि दिवसातून किती वेळा लावता, हे डॉक्टरांना न संकोचता सांगा.