वाचक विचारतात : पन्हाळ्यावर नेमकं पाहायचं काय?

प्रश्न : पन्हाळ्याला वरचेवर जातो, पण अंबरखान्यात शिरलं की नुसता अंधार आणि रिकाम्या भिंती. मुलं पाच मिनिटांत बाहेर पळतात. तिथं पाहायचं तरी काय?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : मुलांना लगेच आत नेऊ नका. आधी बाहेरून छतावर जाणारा दगडी जिना दाखवा आणि कोठाराच्या डोक्यावर जिना कशाला हवा, हे त्यांनाच विचारा. मग आत जा, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा आणि मान वर करा. छताला भोकं दिसतील. पोती जिन्यानं वर न्यायची, भोकातून धान्य खाली सोडायचं, अशी ही व्यवस्था. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं आहेत. त्यांतली गंगा सगळ्यांत मोठी. लांबी सुमारे ३५ मीटर, उंची दहा मीटरच्या वर, आणि पंचवीस हजार खंडी (धान्याचं जुनं माप) धान्य मावायचं असं सांगतात. सिद्दी जौहरचा वेढा १६६० च्या मार्चपासून जुलैपर्यंत पडला होता. इतके महिने गडावरची माणसं काय खात असतील, याचं उत्तर या रिकाम्या भिंतींत आहे.

पाण्याचं उत्तर तीन दरवाजाजवळच्या अंधारबावीत मिळतं. बाहेरून ती विहीर वाटतच नाही, काळ्या दगडाची इमारत वाटते. ते मुद्दाम केलेलं आहे. वेढ्याच्या काळात पाण्यात विष कालवलं जाण्याची भीती असे, म्हणून विहीरच इमारतीच्या पोटात घेतली. तळाला पाणी, मधल्या मजल्यावरून तटाबाहेर निघण्याची चोरवाट, वर पहाऱ्याची जागा आणि भिंतीत कोनाडे. बॅटरी जवळ ठेवा, मोबाईलचा उजेड तळापर्यंत पुरत नाही. पायऱ्या ओल्या असतील तर पाऊल आडवं टाकत, भिंतीच्या आधारानं उतरा. मुलांना पाण्याच्या कडेला जाऊ देऊ नका.

प्रश्न : आई-वडील सत्तरीचे आहेत. एका दिवसात त्यांना काय दाखवता येईल?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : अंबरखाना, सज्जाकोठी ही जुनी इमारत आणि तीन दरवाजा. तिन्हींच्या जवळपर्यंत गाडी जाते. अंधारबाव वरच्या मजल्यावरूनच पाहू द्या. कोल्हापूरहून केर्ली, वाघबीळमार्गे अंतर वीसेक किलोमीटर आहे. रविवार टाळा, आणि जमलं नाही तर सकाळी आठच्या आत वर पोचा. दुपारी गाडी लावायला जागा शोधण्यातच त्यांचा जीव दमतो. तीन दरवाजात घाई करू नका. दोन दरवाजांच्या मधल्या चौकात बसायला सावली असते, आणि आतल्या दरवाजावरचं कोरीवकाम बसूनच नीट दिसतं. कपाळपट्टीवरचा छोटा गणपती त्यांना दाखवा.

प्रश्न : चार दरवाजा कुठं आहे? दोनदा शोधला, सापडला नाही.
– एक वाचक, सांगली

उत्तर : तो आता उभा नाही. १८४४ मध्ये गडकऱ्यांनी, म्हणजे गडाची राखण करणाऱ्या शिपायांनी, इंग्रजांविरुद्ध उठाव केला. तो मोडून काढल्यावर इंग्रजांनी इथली तटबंदी पाडली, त्यात हा दरवाजाही गेला. गडावर जी पडझड दिसते ती सगळी काळानं केलेली नाही, हे लक्षात ठेवून तट पाहा. २०२५ च्या जुलैपासून पन्हाळा जागतिक वारसा यादीत आहे. तरी उरलेल्या दगडांवर नावं कोरणारे थांबलेले नाहीत. कुणी कोरताना दिसलं तर तिथंच अडवा.

प्रश्न : पावसाळ्यात पन्हाळ्यावरून चालत मसाई पठारावर जाऊन एका दिवसात परत येता येईल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : येईल, पण सकाळी लवकर निघालात तरच. खरी अडचण धुक्याची आहे. पठार सपाट, झाडं तुरळक, त्यामुळे खूण धरायला काही राहत नाही. त्यात गुरांच्या वाटा चारी दिशांना फुटतात. नकाशा मोबाईलमध्ये आधीच उतरवून ठेवा, रेंजवर विसंबू नका. धुकं दाटलं तर आहात तिथंच थांबा, अंदाजानं कड शोधत फिरू नका. दुपारी दोनला, कुठंही असलात तरी, परत फिरा.

कोल्हापुरी पायताण घरी ठेवा. भिजलेलं चामडं घसरतं आणि टाकेही उसवतात. खोल खाचांच्या तळव्याचे बूट घाला. जांभ्या दगडाचा लाल, खडबडीत भाग पाय धरतो. काळपट, चकचकीत पट्टा दिसला तर ते शेवाळ आहे, त्याला वळसा घाला.

फुलं पाहायची असतील तर सप्टेंबरमध्ये जा. जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो, त्यात पाणी साचून राहतं आणि तिथंच सीतेची आसवं, गेंद फुलतात. त्या मातीत खत-कस नसतो, म्हणून सीतेच्या आसवांची झाडं पाण्यातले बारीक जीव पकडून पोट भरतात. अशा ठिकाणी गाडी घातली की चाकोरीत माती वाहून जाते आणि खाली नुसता दगड उरतो. कृपा करून चालतच जा, आणि फुलांच्या ताटव्यात बसून फोटो काढू नका.

पुढं पावनखिंडीपर्यंत जायचा मोह पहिल्याच खेपेला आवरा. ती वाट पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे आणि तिला सहसा दोन दिवस लागतात. सरावानंतर निघालात तर मोज्यांचे तीन जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या. पाय दिवसभर भिजून कातडी मऊ पडते आणि बुटाच्या घासण्यानं फोड येतात. निघण्याआधी टाचेला आणि बोटांच्या मध्ये व्हॅसलीन चोळा, मुक्कामावर पोचल्याबरोबर पाय कोरडे करा.