अंतराळ प्रकल्पाच्या लोकवर्गणीत हौशी आकाशनिरीक्षकाने पैसे घालावेत का? घालण्याआधी काय तपासावं?

घालावेत, पण गणपतीची वर्गणी देतो तसे. पावती मिळते, मूर्तीवर हक्क नाही.

प्रकल्पाच्या पानावर सगळ्यात आधी एक गोष्ट शोधा: रॉकेटवर जागा कोणी दिली आहे? लोकवर्गणीतून उपग्रह बनतो, प्रक्षेपणाचा खर्च सहसा त्यात बसत नाही. प्लॅनेटरी सोसायटीच्या लाइटसेल या सौरशिडाच्या (सूर्यप्रकाशाच्या दाबावर चालणाऱ्या यानाच्या) प्रकल्पाला २०१५ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर २३,३३१ जणांनी सुमारे १२ लाख ४१ हजार डॉलर दिले. पूर्ण कार्यक्रमाचा खर्च मात्र ७० लाख डॉलरच्या घरात होता. लाइटसेल-१ ला नासाच्या क्यूबसॅट (छोट्या डब्याएवढ्या उपग्रहांच्या) योजनेतून जागा मिळाली आणि लाइटसेल-२ अमेरिकी हवाई दलाच्या मोहिमेबरोबर फाल्कन हेवी रॉकेटवरून गेला. उलट प्लॅनेटरी रिसोर्सेस या कंपनीने २०१३ मध्ये आर्किड या अवकाश दुर्बिणीसाठी १५ लाख डॉलर जमवले, दुर्बीण काही उडाली नाही. त्यांनी २०१६ मध्ये पैसे परत केले, पण तसं गृहीत धरू नका. किकस्टार्टर स्वतः परतावा देत नाही.

जागा पक्की असली तरी पुढे काय होतं ते किकसॅट या छोट्या उपग्रहावरून कळेल. २०११ मध्ये ३१५ जणांनी सुमारे ७४,५०० डॉलर दिले. एप्रिल २०१४ मध्ये उपग्रह कक्षेत पोचला. त्याच्या पोटात १०४ ‘स्प्राइट’ होते, म्हणजे साडेतीन सेंटिमीटरच्या चौकोनी सर्किट पाट्या. १६ दिवसांची उलटी मोजणी संपली की त्या सुटणार होत्या. ३० एप्रिलला घड्याळ सांभाळणारी चिप रीसेट झाली, बहुधा किरणोत्सारामुळे, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. नवी तारीख आली १६ मे. जमिनीवरून आज्ञा द्यावी तर बॅटरी इतकी उतरलेली की आज्ञा ऐकणारा रेडिओच चालू होईना. १४ मेला उपग्रह वातावरणात जळाला. स्प्राइट शेवटी किकसॅट-२ मधून मार्च २०१९ मध्ये सुटले.

म्हणून कमेंटमध्ये टी-शर्टाच्या मापाऐवजी हे विचारा: बॅटरी उतरली तरी यान आज्ञा ऐकेल का? रीसेट झाल्यावर घड्याळ कुठून सुरू होतं? यान जमिनीवर सलग किती दिवस चालवून पाहिलं? लाइटसेल-१ उड्डाणानंतर दोन दिवसांत गप्प झालं, कारण टेलिमेट्रीची (यानाच्या स्थितीच्या नोंदींची) एक फाइल वाढत वाढत ३२ एमबीच्या पुढे गेली. असला दोष लांब चाचणीतच पकडला जातो.

पैशांचं: किकस्टार्टरवर रक्कम मोहीम यशस्वी झाल्यावरच कापली जाते. त्या दिवशी कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद असतील तर पैसे जात नाहीत. ते दुरुस्त करायला ७ दिवस मिळतात. बँकेचं परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळा. परदेशी संस्थेला दिलेल्या पैशांवर ८०जीची सूट नाही. भेटवस्तू पार्सलने येणार असेल तर सीमाशुल्क धरा. मी तर भेटवस्तू नको असाच पर्याय निवडायला सांगेन.

त्यापेक्षा कक्षेचा कल, म्हणजे विषुववृत्ताशी असलेला तिचा कोन, विचारा. उपग्रह तुमच्या आकाशात येणार की नाही ते त्यावरून कळतं. लाइटसेल-२ चा कल २४ अंश होता आणि उंची सुमारे ७२० किलोमीटर. मुंबई-पुण्यावरून तो जवळजवळ डोक्यावरून जाई, आणि लंडनच्या वर्गणीदाराला क्षितिजावरही दिसत नसे!

उपग्रहाच्या रेडिओची वारंवारता जाहीर असेल तर उत्तमच, त्याचा सिग्नल घरूनच पकडता येतो. ४३७ मेगाहर्ट्झसाठी आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ) आणि व्ही आकाराचा द्विध्रुव अँटेना पुरतो: दोन्ही दांडे साधारण साडेसोळा सेंटिमीटरचे, मधला कोन १२० अंश. उपग्रहाच्या वेगामुळे, म्हणजे डॉप्लर परिणामामुळे, सिग्नल दोन्ही बाजूंना सुमारे १० किलोहर्ट्झ सरकतो. जीप्रेडिक्ट या उपग्रहाचा माग ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने ती दुरुस्ती लावली नाही तर अरुंद फिल्टरमधून तो निसटतो. शहरात एफएम केंद्रांमुळे डोंगल भरून जातो, तेव्हा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) कमी करा किंवा एफएम अडवणारा फिल्टर लावा. पहिल्या काही दिवसांत एकाच रॉकेटमधले उपग्रह घोळक्याने जातात आणि कक्षेच्या आकड्यांत कोणता कोण हे ठरलेलं नसतं. म्हणून उपग्रह येण्याच्या वेळेच्या दोन-तीन मिनिटं आधीच रेकॉर्डिंग सुरू करा, आणि नुसता आवाज न ठेवता कच्ची आयक्यू फाइल (डोंगलने पकडलेला मूळ सिग्नल) ठेवा. प्रकल्पाच्या चमूला तीच पाठवायची, वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहून.