कॅव्हान्साइट आणि पेंटागोनाइट यांचे रासायनिक सूत्र एकच आहे, तर ती दोन वेगळी खनिजे कशी ठरतात?

आपल्याकडे पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणीतील निळ्या स्फटिकांचा एक नमुना आहे आणि तो कॅव्हान्साइटचा की पेंटागोनाइटचा, हे केवळ रासायनिक पृथक्करणातून का कळत नाही, असा आपला प्रश्न आहे. दोन्ही खनिजांत कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन, ऑक्सिजन आणि पाणी यांचे प्रमाण अगदी सारखे असते, त्यामुळे पृथक्करणाचे आकडेही सारखेच येतात. फरक आहे तो अणूंच्या मांडणीत, आणि ती मांडणी शोधण्यासाठी क्ष-किरण लागतात.

पदव्युत्तर अभ्यासाच्या काळात मी असे स्फटिक स्वतः निवडले आहेत. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा तुकडा ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली फिरवला, तर तो सगळा एकाच वेळी काळा पडायला हवा. त्याचा एखादा कोपरा उजळ राहिला, तर तो तुकडा एकसंध नाही, जोडस्फटिक आहे, असे समजून बाजूला ठेवावा लागतो. पेंटागोनाइटच्या बाबतीत हे फार जपावे लागते, कारण त्याचे स्फटिक पाचच्या गटाने जुळून ताऱ्यासारखा छेद तयार करतात आणि त्याचे नावही त्यावरूनच पडले आहे. निवडलेला तुकडा काचेच्या बारीक तंतूच्या टोकाला चिकटवून क्ष-किरणांच्या झोतात फिरवला, की शोधकावर हजारो ठिपके उमटतात.

या ठिपक्यांच्या जागांवरून एकक कोष्ठिकेची मापे मिळतात, म्हणजे जिच्या पुनरावृत्तीने अख्खा स्फटिक बनतो त्या सर्वांत लहान पेटीची लांबी, रुंदी आणि उंची. अणू त्या पेटीत कुठे आहेत हे मात्र ठिपक्यांच्या तीव्रतेत दडलेले असते, आणि खरी अडचण इथे सुरू होते. शोधक लहरींची तीव्रता मोजतो; त्या लहरी एकमेकींच्या तुलनेत किती पुढेमागे होत्या, म्हणजे त्यांची फेज काय होती, ही माहिती मोजमापात हरवते. ती परत मिळवणे हाच मला या सगळ्या कामाचा गाभा वाटतो. स्फटिकशास्त्रज्ञ पॅटरसन यांनी 1934 साली दाखवले, की नुसत्या तीव्रतांवरूनही अणूअणूंमधील अंतरांचा नकाशा काढता येतो आणि त्यात जड अणू उठून दिसतात. पुढे थेट फेज काढण्याच्या गणिती पद्धतींसाठी हॉप्टमन आणि कार्ल यांना 1985 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सापडलेल्या नमुन्यांवरून हॉवर्ड एव्हान्स यांनी 1973 साली या दोन्ही खनिजांच्या रचना प्रसिद्ध केल्या. दोन्हींत सिलिकॉनच्या चतुष्फलकांचे, म्हणजे एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन अशा चार कोपऱ्यांच्या घटकांचे, थर आहेत, आणि व्हॅनेडियम व कॅल्शियम ते थर एकमेकांना जोडतात. मात्र कॅव्हान्साइटच्या थरात चार आणि आठ चतुष्फलकांची कडी आहेत, तर पेंटागोनाइटच्या थरात सहा-सहांची. परिणामी पेट्यांची मापेही बदलतात: कॅव्हान्साइटची सर्वांत छोटी बाजू सुमारे 9.6 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), तर पेंटागोनाइटची सुमारे 8.9.

अशी रचना मिळाली तरी ती लगेच स्वीकारायची नसते. सिलिकॉन ते ऑक्सिजन हे अंतर 1.6 अँगस्ट्रॉमच्या आसपास आले नाही, तर गणित कितीही चांगले जुळो, कुठेतरी चूक आहे असेच मी मानतो. पाण्यातील हायड्रोजनच्या जागांवर तर क्ष-किरणांच्या भरवशावर ठाम बोलू नये, कारण क्ष-किरण इलेक्ट्रॉनांमुळे विखुरतात आणि हायड्रोजनकडे इलेक्ट्रॉन एकच असतो. त्यासाठी मुंबईतील तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) ध्रुव या संशोधन अणुभट्टीवर मिळतात तसे न्यूट्रॉन झोत उपयोगी पडतात.

आपल्या नमुन्यासाठी एवढे सगळे करण्याची गरज नाही. या दोन्ही रचना आता माहीत असल्यामुळे काही मिलिग्रॅम पूड करून तिचा क्ष-किरण आलेख काढला आणि दोन्ही खनिजांच्या ज्ञात आलेखांशी ताडून पाहिला, की निर्णय होतो. फक्त पुडीत निळ्या स्फटिकांच्या खालचे स्टिल्बाइट हे पांढरे खनिज मिसळू देऊ नका, नाहीतर त्याच्या रेषाही आलेखात येतील.