गीतलेखनाची निवासी कार्यशाळा: खर्च रास्त, पण पैसा चुकीच्या खात्यातला

आपण कळवलेला तपशील थोडक्यात असा: नोकरी स्थिर आहे, डोक्यावर कर्ज नाही, उत्पन्नाचा पाचवा हिस्सा दरमहा शिल्लक पडतो आणि आपत्कालीन निधीत पाच महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम आहे. तीन आठवड्यांच्या गीतलेखन कार्यशाळेत आपली निवड झाली असून, राहण्याजेवण्यासह तिचे शुल्क दीड महिन्याच्या घरखर्चाएवढे आहे. हे शुल्क आपत्कालीन निधीतून भरावे आणि पुढे गाण्यांच्या रॉयल्टीतून, म्हणजे गाणी वापरली गेल्याबद्दल मिळणाऱ्या मोबदल्यातून, निधी पुन्हा उभा करावा, असा आपला विचार आहे. आपण कार्यशाळेला जावे, असेच माझे मत आहे. मात्र या निधीतून नव्हे, आणि रॉयल्टीच्या भरवशावर तर मुळीच नव्हे.

प्रथम खरा खर्च पाहू. तीनपैकी एकच आठवडा भरपगारी रजेचा असल्याने दोन आठवड्यांचे वेतन बुडेल, आणि आपल्या उत्पन्नाच्या प्रमाणात ते घरखर्चाच्या सुमारे 0.6 महिन्याइतके होते. जाण्यायेण्यासाठी पाव महिन्याचा खर्च धरला, तर एकूण आकडा दीडवरून जवळजवळ 2.4 महिन्यांवर जातो. म्हणजे निधी निम्म्यावर येईल आणि आपली सारी मासिक बचत तिकडे वळवली तरी तो भरून यायला साडेनऊ महिने लागतील. त्या काळात निवृत्तीसाठीची गुंतवणूक पूर्ण थांबेल आणि नेमके तेव्हाच आजारपण किंवा नोकरीतील खंड उद्भवला, तर आधार अडीच महिन्यांचाच उरेल. क्रेडिट कार्डावर शुल्क टाकून ते सावकाश फेडण्याचा पर्याय आपण विचारात घेतलेला नाही, हे चांगलेच आहे, कारण महिना 3 टक्के दराने थकलेली रक्कम चक्रवाढीने वर्षाला 42 टक्क्यांहून अधिक वाढते.

आता रॉयल्टी. शब्द आणि चाल यांवरचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क वेगळा असतो. गीतकाराला मिळते ते पहिल्या हक्काचे पैसे, तेही संगीतकार, सहलेखक आणि असल्यास प्रकाशक यांच्यात वाटून. स्ट्रीमिंगमधील मोठा वाटा सहसा ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडे जातो. हक्कधारकांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या वसुली संस्थांकडून येणारी रक्कम गाणे वाजल्यानंतर कित्येक महिन्यांनी हाती पडते, आणि त्याआधी ते कोणीतरी गाऊन, ध्वनिमुद्रित करून लोकांपर्यंत न्यावे लागते. हा हक्क दीर्घायुषी आहे, हे खरे: 1886 साली झालेल्या आणि पुढे अनेकदा सुधारलेल्या, लेखनहक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार सर्वसाधारणपणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर किमान 50 वर्षे संरक्षण मिळते, आणि त्यासाठी नोंदणीची अट नाही. परंतु हक्क टिकतो म्हणून उत्पन्न सुरू होतेच असे नाही. एकाही गाण्यातून कधीच काही मिळाले नाही तरी ही कार्यशाळा करावीशी वाटेल का, असे स्वतःला विचारा; उत्तर ‘हो’ असेल तर हा आनंदाचा आणि शिक्षणाचा खर्च आहे, आणि तो शिलकीतून करावा.

निवासी कार्यशाळेत नेमके कशाचे पैसे द्यायचे, हेही पाहिले पाहिजे. यमक, वृत्त, मुखडा-अंतऱ्याची रचना हे सारे पुस्तकांतून किंवा साप्ताहिक वर्गातून अल्प खर्चात शिकता येते. लांब सुरावर ‘आ’सारखा मोकळा स्वर ठेवला तर गायकाला तो पेलता येतो आणि बोलण्यात जोर येणारे अक्षर तालाच्या वजनदार मात्रेवर पडले तर ओळ सहज वाटते, हे वाचून समजते. पण आपलीच ओळ दुसऱ्याच्या तोंडून अडखळताना ऐकली की ते पक्के होते, आणि रोज नवे गाणे लिहून संध्याकाळी ते गटासमोर मांडण्याची सक्ती घरी होत नाही. म्हणून प्रत्येकाच्या किती गाण्यांवर वैयक्तिक अभिप्राय मिळतो आणि गटात किती जण असतात, हे आयोजकांना विचारावे. एका मार्गदर्शकामागे तीस जण असतील तर हे शुल्क मला महाग वाटेल.

ही कार्यशाळा दरवर्षी भरते, असे आपण लिहिले आहे. तेव्हा प्रवेश पुढील सत्राकडे वळवता येईल का, अनामत रक्कम शाबूत राहील का आणि शुल्क वाढल्यास फरक कोणी भरायचा, याचे लेखी उत्तर मागवा. होकार आला, तर मासिक बचतीचा चार पंचमांश भाग एका वेगळ्या बचत खात्यात टाका. बारा महिन्यांत त्यात 2.4 महिन्यांचा घरखर्च जमेल, उरलेला पंचमांश निवृत्तीसाठी चालू राहील आणि आपत्कालीन निधीला हात लागणार नाही. वर्षभरात आणखी एक आठवडा भरपगारी रजा साठवता आली, तर वाचलेले 0.3 महिन्याइतके पैसे डेमोसाठी, म्हणजे गाण्याच्या नमुना ध्वनिमुद्रणासाठी, राखून ठेवा. परतल्यावर गाणी पुन्हा पुन्हा लिहावी लागतात, चांगली उतरलेली दोन-तीन ध्वनिमुद्रित करावी लागतात, आणि हा खर्च बहुतेकांच्या हिशेबात आधी नसतोच.

कार्यशाळेच्या अटी सही करण्याआधी वाचाव्यात. तेथे लिहिलेल्या गाण्यांवर आयोजक कोणताही हक्क सांगत असतील, तर ते कलम काढून घ्यावे किंवा प्रवेश सोडावा. सहलेखन झाल्यास कोणाचा किती वाटा हे त्याच दिवशी कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. प्रवेश पुढे ढकलण्यास नकार आला, तर यंदाची जागा सोडून द्या आणि वर्षभर बचत करून पुढच्या निवडीसाठी पुन्हा अर्ज करा.